गुडघ्यांच्या नावाने कांगावा

चाळिशी उलटलेल्या माणसाने माळ्यावरचे जुने बूट खाली काढून "उद्यापासून पुन्हा पळायला जाणार" असे जाहीर केले, की घरीदारी सल्लागारांना ऊत येतो. सासरे म्हणतात, "गुडघ्यांना जपा, पुढे तेच कामाला येणार आहेत." ऑफिसातला मित्र हिशेब मांडतो, की वजन ऐंशी टक्के ताटावर ठरतं आणि वीस टक्के व्यायामावर, मग पळून मिळवणार काय? जिममधला प्रशिक्षक 'कार्डिओ' हा शब्द उच्चारतानाच नाक मुरडतो. फॅमिली ग्रुपवर कुणीतरी शर्यतीत कोसळलेल्या धावपटूची बातमी टाकतो, तीही तीन वर्षांपूर्वीची. आणि शेवटी सगळ्यांचे एकमत होते: आता ते वय राहिलं नाही, चालणं पुरे.

हे सल्ले काळजीपोटी दिलेले असतात, त्याबद्दल तक्रार नाही. तक्रार त्यांतल्या माहितीबद्दल आहे. गुडघ्यांचा मुद्दा सरळ चुकीचा आहे, हृदयाचा मुद्दा प्रमाण सोडून मांडलेला आहे, वयाचा मुद्दा तपासला गेला आणि टिकला नाही. वजनाचा मुद्दा मात्र अर्धा खरा आहे, आणि खरी गोची तिथेच आहे. या अर्ध्या सत्यावर विसंबून हजारो माणसे दुसऱ्या महिन्यात बूट पुन्हा माळ्यावर टाकतात.

महाराष्ट्रात पळणे 'पुन्हा' सुरू करणाऱ्यांची संख्या कमी नाही. गावोगावच्या डांबरी रस्त्यांवर पहाटे पोलीस भरतीची तयारी करणारी पोरे-पोरी दिसतात. मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर. भरती झाली किंवा हुकली, की बहुतेकांचे पळणे तिथेच संपते. मग नोकरी, मोटारसायकल, रात्रीची जेवणे, आणि पंधरा वर्षांनी पट्ट्याला नवे भोक. शहरात वेगळी तऱ्हा. पुण्याची आंतरराष्ट्रीय मॅरेथॉन १९८३ पासून आणि मुंबईची २००४ पासून होते आहे. एकदा-दोनदा अर्धमॅरेथॉन पळून, पदक खुंटीला अडकवून थांबलेले लोक प्रत्येक सोसायटीत सापडतील. या माणसांना पळता येते की नाही हा प्रश्नच नाही. प्रश्न आहे तो गेलेले परत येते का, हा.

त्याचे उत्तर अमेरिकेतल्या डॅलसमध्ये मिळाले, आणि ते मिळायला तीस वर्षे लागली. १९६६ साली तिथल्या साउथवेस्टर्न वैद्यकीय महाविद्यालयात विशीतल्या पाच निरोगी तरुणांना तीन आठवडे अंथरुणावर झोपवून ठेवले. हृदयविकाराच्या रुग्णाला दीर्घ विश्रांती सांगण्याचा तो काळ. त्या विश्रांतीचा शरीरावर काय परिणाम होतो हे पाहायचे होते. तीन आठवड्यांत त्या पोरांचा दमसास, म्हणजे जास्तीत जास्त प्राणवायू वापरण्याची शरीराची क्षमता, पाव हिश्शाहून जास्त घसरला. तीस वर्षांनी, १९९६ मध्ये, त्याच पाच जणांना पुन्हा बोलावले. आता ते पन्नाशीत होते. सरासरी वजन ७७ किलोंवरून १०० किलोंवर गेले होते, शरीरातली चरबी १४ टक्क्यांवरून २८ टक्क्यांवर. आणि दमसास? तो अकरा-बारा टक्क्यांनी घटला होता. तीन आठवड्यांच्या अंथरुणाने जेवढे नेले, त्याच्या निम्मेही तीस वर्षांच्या वयाने नेले नव्हते.

पुढचा भाग आपल्या विषयाचा. या पन्नाशीच्या, पोट सुटलेल्या गृहस्थांना सहा महिने चालणे, हलके पळणे आणि सायकल असा कार्यक्रम दिला. सुरुवात अगदी थोडक्यात, मग हळूहळू वाढ. सहा महिन्यांनी मोजले तेव्हा त्यांचा सरासरी दमसास १९६६ मध्ये अंथरुणावर झोपण्यापूर्वी होता तिथे पोहोचला होता. हृदयाची रक्त फेकण्याची कमाल ताकद काही वाढली नाही. आलेल्या रक्तातून जास्त प्राणवायू खेचून घ्यायला स्नायू शिकले, आणि तेवढ्याने भरपाई झाली. या सहा महिन्यांत वजन किती उतरले? सुमारे साडेचार किलो.

हे दोन आकडे शेजारी ठेवून पाहावेत. तीस वर्षांत तेवीस किलो चढले, सहा महिन्यांत साडेचार उतरले. वजनकाट्याला विचारले तर प्रयोग फसला. जिन्याला विचारले तर विशी परत आली. पाच माणसांवरून सगळ्या जगाचा नियम बांधू नये, हे मान्यच. पण "ते वय राहिलं नाही" असे ठामपणे सांगणाऱ्याकडे एवढाही पुरावा नसतो.

आता गुडघे.

गुडघा म्हणजे गाडीचा टायर, जितका पळवाल तितका झिजेल, अशी ही समजूत. टायर जिवंत नसतो, तो स्वतःची डागडुजी करत नाही, एवढा फरक या तुलनेत कुणी लक्षात घेत नाही. कूर्चा आणि हाड ही जिवंत ऊती आहे. झेपेल असा भार पडला की ती त्याला जुळवून घेते, भारच पडला नाही तर दुबळी होते. स्टॅनफर्ड विद्यापीठात पंचेचाळीस धावपटू आणि त्रेपन्न न धावणारे लोक निवडून त्यांच्या गुडघ्यांचे एक्स-रे १९८४ पासून जवळपास अठरा वर्षे काढत राहिले. सुरुवातीलाच ही मंडळी पन्नाशीच्या पुढची होती. शेवटी धावणाऱ्यांपैकी २० टक्क्यांच्या गुडघ्यांत संधिवाताची झीज दिसली, न धावणाऱ्यांपैकी ३२ टक्क्यांच्या. २०१७ मध्ये अशा अनेक अभ्यासांचा एकत्र आढावा निघाला. गुडघा किंवा खुब्याचा संधिवात हौशी धावपटूंत साडेतीन टक्के, बैठ्या लोकांत १०.२ टक्के, आणि स्पर्धात्मक, व्यावसायिक पातळीवरच्या धावपटूंत १३.३ टक्के.

शेवटचा आकडा लपवण्यात अर्थ नाही. वर्षानुवर्षे प्रचंड अंतर कापणाऱ्या, दुखापत अंगावर काढणाऱ्या खेळाडूंची गोष्ट वेगळी आहे. पण आठवड्यातून तीन दिवस सोसायटीभोवती पळणाऱ्या बँक अधिकाऱ्याला ऑलिंपिकच्या धावपटूची भीती घालणे हा कुठला न्याय? शिवाय हौशी धावपटू मुळातच सडपातळ आणि निरोगी असतील, म्हणून त्यांचे गुडघे शाबूत, असा आक्षेप कुणी घेतला तर तो रास्त आहे; हे निरीक्षणाचे अभ्यास आहेत, त्यांतून कार्यकारण पक्के होत नाही. मात्र त्यांतून एवढे नक्की निघते, की पळण्याने गुडघे जातात हा दावा करणाऱ्यांच्या बाजूने आकडे उभे राहत नाहीत.

मेरीलँड विद्यापीठातल्या रॉस मिलर यांनी २०१४ मध्ये एक साधी गोष्ट मोजून दाखवली. पळताना प्रत्येक पावलाला गुडघ्यावर पडणारा कमाल भार चालण्यापेक्षा खूप जास्त असतो, हे खरेच. पण पावले लांब पडतात आणि पाय जमिनीवर थोडाच वेळ टेकतो. त्यामुळे तेवढेच अंतर चालून आणि पळून कापले, तर गुडघ्यावरचा एकूण भार जवळपास सारखाच भरतो. ज्याचे गुडघे आधीच दुखतात, सुजतात, ज्याचा अस्थिबंध कधी फाटला आहे, त्याने अस्थिरोगतज्ज्ञाला विचारूनच पाऊल उचलावे. बाकीच्यांच्या गुडघ्यांना खुर्चीपासून जास्त धोका आहे.

हृदयाचा मुद्दा आला, की जिम फिक्स यांचे नाव येतेच, आणि यायलाच हवे. १९७७ साली त्यांनी लिहिलेल्या पळण्याविषयीच्या पुस्तकाने अमेरिकेत लाखो लोकांना रस्त्यावर आणले. पस्तिशीत पळायला लागले तेव्हा ते स्थूल होते, दिवसाला सिगारेटची दोन पाकिटे ओढत. पुढे त्यांनी सिगारेट सोडली, साठ पौंड म्हणजे सुमारे २७ किलो वजन उतरवले. आणि जुलै १९८४ मध्ये व्हरमाँटमध्ये रोजचे पळणे चालू असतानाच गेले. वय ५२. "बघा, पळून काय मिळालं!" हे वाक्य तेव्हापासून चाळीस वर्षे फिरते आहे. त्याचा उत्तरार्ध कुणी सांगत नाही. फिक्स यांच्या वडिलांना पहिला हृदयविकाराचा झटका पस्तिसाव्या वर्षी आला होता आणि ते त्रेचाळिसाव्या वर्षी वारले. शवविच्छेदनात मुलाच्या हृदयाच्या तिन्ही रक्तवाहिन्या चोंदलेल्या आढळल्या. एक तर ९५ टक्के. म्हणजे वडिलांपेक्षा नऊ वर्षे अधिक मिळाली ती कशामुळे, असाही प्रश्न विचारता येतो. फिक्स यांची चूक पळण्याची नव्हती, तपासणी न करून घेण्याची होती.

प्रमाण पाहायचे तर अमेरिकेत २००० ते २०१० या काळात मॅरेथॉन आणि अर्धमॅरेथॉन शर्यतींत भाग घेतलेल्या सुमारे १ कोटी ९ लाख धावपटूंपैकी ५९ जणांचे हृदय शर्यतीत किंवा लगेच नंतर बंद पडले, ४२ दगावले. दोन लाखांत साधारण एक, आणि तेही शर्यतीत, जिथे माणूस ईर्ष्येने पळतो. याच्या उलट बाजूला डॅलसच्याच कूपर क्लिनिकमधला अभ्यास आहे: ५५ हजारांहून अधिक प्रौढ, सरासरी पंधरा वर्षांचा पाठपुरावा. पळणाऱ्यांत कोणत्याही कारणाने मृत्यू येण्याचा धोका ३० टक्के कमी, हृदयविकाराने ४५ टक्के कमी. हा फायदा दिवसाला पाच-दहा मिनिटे, तेही ताशी दहा किलोमीटरपेक्षा कमी गतीने पळणाऱ्यांनाही मिळाला.

यावर कोपनहेगनचा दाखला फेकला जातो. २०१५ मध्ये बातम्या झळकल्या, की जोरात पळणे हे बसून राहण्याइतकेच घातक. त्या अभ्यासात जोरात पळणाऱ्यांचा गट जेमतेम चाळीस लोकांचा होता आणि त्यातले मृत्यू होते दोन. दोन मृत्यूंवर जगभराचे मथळे उभे राहिले. त्याच अभ्यासात हळू पळणाऱ्यांचे आकडे सर्वांत चांगले होते, ते मथळ्यात बसले नाहीत.

आता वजनाकडे येऊ, कारण माणूस बूट काढतो तो बहुतेक वेळा त्यासाठीच.

विरोधकांचा हिशेब आधी मान्य करावा. पळताना दर किलोमीटरला शरीराच्या दर किलोमागे साधारण एक कॅलरी खर्च होते. पंचाहत्तर किलोंचा माणूस पाच किलोमीटर पळाला, की पावणेचारशे कॅलरी. एका वडापावात तीनशेच्या आसपास असतात. त्यावर गोड चहा घेतला की हिशेब चुकता. एक किलो चरबीत सुमारे ७७०० कॅलरी साठलेल्या असतात, म्हणजे खाण्यात काहीच वाढले नाही असे धरले तरी किलोभर चरबी उतरायला असे वीस दिवस पळावे लागेल. आणि खाणे वाढतेच. रविवारी दहा किलोमीटर पळून आलेला गट हॉटेलात मिसळ, वर जिलबी कशी हाणतो, हे ज्याने पाहिले आहे त्याला वेगळे सांगायला नको.

त्याहून खोलातला युक्तिवाद संशोधक हर्मन पाँटझर यांचा. टांझानियातल्या हाड्झा या शिकार आणि कंदमुळांवर जगणाऱ्या लोकांचा रोजचा ऊर्जाखर्च त्यांनी मोजला, २०१२ मध्ये निष्कर्ष छापले. हाड्झा पुरुष रोज अकरा-बारा किलोमीटर चालतात, तरी शरीराचे आकारमान लक्षात घेता त्यांचा एकूण ऊर्जाखर्च खुर्चीत बसणाऱ्या पाश्चात्त्यांइतकाच निघाला. एका कामावर जास्त खर्च झाला, की शरीर दुसरीकडे काटकसर करते, असा त्यांचा सिद्धान्त. "व्यायामाने वजन उतरत नाही" असे म्हणणारे आज यांचाच आधार घेतात. मात्र पाँटझर यांनी यावरून व्यायाम सोडा असे सांगितलेले नाही. व्यायाम आरोग्यासाठी हवाच, वजनासाठी आहार पाहा, असे त्यांचे म्हणणे आहे. आपल्याकडे वाक्याचा पुढचा तुकडा तेवढा पोहोचला.

शिवाय या सिद्धान्तालाही मर्यादा आहेत. कॅन्सस विद्यापीठात जोसेफ डॉनेली यांनी स्थूल तरुण-तरुणींना दहा महिने, आठवड्याचे पाच दिवस, देखरेखीखाली व्यायाम करायला लावला. खाण्यावर कसलेही बंधन नाही. प्रत्येक वेळी ४०० कॅलरी खर्च करणाऱ्यांचे वजन सरासरी ३.९ किलोंनी उतरले, ६०० कॅलरीवाल्यांचे ५.२ किलोंनी. व्यायाम न करणाऱ्यांचे अर्धा किलो वाढले. चमत्कार नव्हे, पण शून्यही नव्हे. देखरेख होती म्हणून जमले, कुणी दांडी मारू शकत नव्हते, हे त्यातले रहस्य.

आणि "चालणं पुरे" म्हणणाऱ्यांसाठी पॉल विल्यम्स यांचा अभ्यास आहे: बत्तीस हजार धावणारे, पंधरा हजार चालणारे, सहा वर्षांचा पाठपुरावा. सारखीच ऊर्जा खर्च केली तरी धावणाऱ्यांचे वजन जास्त उतरले, आणि हा फरक जाड लोकांत अधिक ठळक होता. चालण्याशी भांडण नाही. डॉ. जगन्नाथ दीक्षित यांच्या दोन वेळा जेवण्याच्या पथ्यातही पंचेचाळीस मिनिटांत साडेचार किलोमीटर चालणे आहेच. अनेकांनी दोन जेवणे लक्षात ठेवली आणि साडेचार किलोमीटर विसरून टाकले. वजन उतरवून ते टिकवलेल्या लोकांची अमेरिकेत १९९४ पासून एक नोंदवही ठेवली जाते. त्यातले नव्वद टक्के लोक नियमित व्यायाम करतात, सरासरी दिवसाला तासभर, आणि त्यात सर्वाधिक नाव चालण्याचेच आहे. ज्याला चालणे आवडते त्याने खुशाल चालावे. ज्याला पळावेसे वाटते त्याला चालण्याच्या नावाखाली अडवू नये, एवढेच म्हणणे आहे. तासभर चालायला वेळ नसलेल्या माणसाला अर्ध्या तासाचे पळणे परवडते, हाही व्यवहार आहे.

ऐंशी-वीसचा तो लाडका आकडा कुठल्या मोजमापातून आलेला नाही. बोलायला सोपा, म्हणून चालतो.

पण वजनाच्या चर्चेत सर्वांत मोठी गफलत दुसरीच आहे, आणि ती दाखवून दिली पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी. २००४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये त्यांनी आणि लंडनच्या जॉन युडकिन यांनी मिळून एका पानाचा लेख छापला, दोघांच्या स्वतःच्या छायाचित्रासह. दोघांचा बीएमआय हुबेहूब सारखा, २२.३. अंगातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. भारतीय माणूस काट्यावर सडपातळ आणि आतून चरबीने भरलेला असू शकतो, हे एवढ्या थोडक्यात क्वचितच कुणी सांगितले असेल. वंश, जन्मवेळचे पोषण, आहार अशी कारणे सांगताना लेखकद्वयाने जीवनशैलीचीही शक्यता नोंदवली, आणि ती खास मिश्कीलपणे: एक जण मॅरेथॉन पळतो, तर दुसऱ्याचा मुख्य व्यायाम म्हणजे सकाळी रुग्णालयाच्या लिफ्टचे दार बंद होण्याआधी गाठण्याची धाव.

ज्या देशात २०२३ च्या आयसीएमआरच्या अभ्यासानुसार १० कोटींहून अधिक मधुमेही आहेत आणि चाळीस टक्क्यांच्या आसपास प्रौढांचे पोट सुटलेले आहे, तिथे काट्यावरच्या किलोंपेक्षा पोटाच्या आतली, यकृत-आतड्यांभोवतीची चरबी महत्त्वाची. आणि पळणे नेमके तिथे काम करते. ड्यूक विद्यापीठात झालेल्या एका प्रयोगात व्यायाम न करणाऱ्या स्थूल लोकांची ही आतली चरबी काही महिन्यांतच साडेआठ टक्क्यांनी वाढली. आठवड्याला अठरा किलोमीटर चालण्या-पळण्याइतका व्यायाम करणाऱ्यांची वाढ थांबली. आठवड्याला बत्तीस किलोमीटर जॉगिंगइतका व्यायाम करणाऱ्यांची सुमारे सात टक्क्यांनी घटली. काहीच न करणारा माणूस जागच्या जागी राहत नाही, मागे जातो, हे "पळून काय होणार" विचारणाऱ्याच्या गावीही नसते.

जर्मनीचे माजी परराष्ट्रमंत्री योश्का फिशर यांचे उदाहरण दोन्ही बाजू आपापल्या सोयीने वापरतात. १९९६ मध्ये त्यांचे वजन ११२ किलो होते. पळायला लागले, दारू सोडली, ताट बदलले, आणि सुमारे वर्षभरात ७५ किलोंवर आले. एप्रिल १९९८ मध्ये हॅम्बुर्गची मॅरेथॉन ३ तास ४१ मिनिटांत पूर्ण केली, त्यावर पुस्तक लिहिले, ते भरपूर खपले. पुढे मंत्रिपदाच्या धबडग्यात पळणे सुटले आणि वजन परत आले, तेही सगळ्या वर्तमानपत्रांच्या डोळ्यांदेखत. "पाहा, टिकलं का?" असे विचारले जाते. गोळी बंद केल्यावर रक्तदाब वाढला, म्हणून गोळी निकामी होती असे कुणी म्हणत नाही. फिशर यांचे वजन पळण्याने परत आले नाही, पळणे थांबल्याने आले.

इंजेक्शनवाल्यांनाही हेच सांगावे लागेल. वजन उतरवणारी नवी औषधे २०२५ मध्ये भारतात आली आणि आता पळायची गरज काय, असा सूर ऐकू येतो. डेन्मार्कमध्ये १९५ स्थूल लोकांचे वजन आधी आहाराने सरासरी १३ किलोंनी उतरवून मग वर्षभर एका गटाला व्यायाम, एकाला लिराग्लुटाइड हे औषध, एकाला दोन्ही आणि एकाला नुसते नकली औषध दिले. वर्षअखेरीस औषध व्यायामापेक्षा सरस ठरले, आणि दोन्ही मिळून सर्वांत सरस. नंतर सगळे थांबवून आणखी एक वर्षाने तपासले, तेव्हा नुसत्या औषधवाल्यांचे वजन व्यायामवाल्यांपेक्षा जास्त परतले होते. औषध ज्याला लागते त्याने घ्यावे. पण ते पळण्याला पर्याय म्हणून विकले जात असेल तर तो व्यापार आहे.

जिमच्या प्रशिक्षकाचे निम्मे म्हणणे मान्य. पळणाऱ्याने आठवड्यातून दोन दिवस बैठका, जोर, पोटऱ्यांचे व्यायाम करावेत, पन्नाशीनंतर तर करावेतच. निम्मे अमान्य, कारण तीस मिनिटे पळून कुणाचे स्नायू वितळत नाहीत.

आता जो धोका खरा आहे आणि ज्याबद्दल सल्लागार मंडळी चकार शब्द काढत नाहीत, तो. पुन्हा पळणाऱ्याचा शत्रू त्याचे वय नाही, त्याची आठवण आहे. नवखा माणूस घाबरत पळतो. जुन्याला मात्र आपण १६०० मीटर किती मिनिटांत मारायचो ते पाठ असते, आणि पहिल्याच सकाळी तो त्या घड्याळाशी पळायला जातो. अंगावर वीस किलो जास्त, पोटऱ्या पंधरा वर्षे बिनकामाच्या. त्यातही फसवणूक अशी, की हृदय आणि फुप्फुसे काही आठवड्यांत साथ देऊ लागतात, तर घोट्यामागची शीर, नडगीचे हाड, टाचेखालचा पडदा यांना जुळवून घ्यायला महिने लागतात. सहाव्या-सातव्या आठवड्यात दम लागेनासा होतो, माणसाला जोर चढतो, आणि नेमका तेव्हाच पाय जातो. मग घरातले म्हणतात, "सांगितलं होतं ना, गुडघे जातील."

डेन्मार्कमध्ये ९३० नवख्या धावपटूंचा वर्षभर पाठपुरावा झाला, तेव्हा ज्यांना दुखापतीचा धोका अधिक आढळला त्यांत तीसपेक्षा जास्त बीएमआय असलेले, पंचेचाळिशीच्या पुढचे आणि पूर्वी दुखापत झालेले होते. म्हणजे पुन्हा सुरू करणाऱ्या वजनदार माणसाने जास्त सांभाळायला हवे, यात वाद नाही. दर आठवड्याला दहा टक्केच वाढवा हा प्रसिद्ध नियमही तारक नाही. हॉलंडमधल्या ग्रोनिंगनमध्ये तो पाळणाऱ्या आणि न पाळणाऱ्या नवशिक्यांत दुखापतींचे प्रमाण सारखेच, वीस टक्क्यांच्या वर निघाले. पाचातला एक! मग करायचे काय? पळणे आणि चालणे आलटून पालटून. ब्रिटनच्या आरोग्यसेवेने लोकप्रिय केलेला नऊ आठवड्यांचा कार्यक्रम पहिल्या आठवड्यात फक्त एक मिनिट पळायला आणि दीड मिनिट चालायला सांगतो, तेही आठवड्यातून तीनच दिवस. ज्याने कधीकाळी अर्धमॅरेथॉन मारली आहे त्याला हे अपमानास्पद वाटते. वाटू द्यावे.

अपवाद असतातच. बीड जिल्ह्यातल्या मांडव्याचे अविनाश साबळे सैन्यात सियाचीन, राजस्थान, सिक्कीम करून आल्यावर प्रशिक्षक अमरीश कुमार यांच्याकडे सरावाला लागले, तेव्हा त्यांचे वजन बरेच वाढलेले होते. तीन महिन्यांत त्यांनी वीस किलो उतरवले. पुढे २०२२ मध्ये राष्ट्रकुल स्पर्धेत ३००० मीटर स्टीपलचेसचे रौप्य, २०२३ मध्ये आशियाई सुवर्ण. ही गोष्ट प्रेरणा म्हणून सांगितली जाते, आणि इथेच घात होतो. साबळे विशीचे जवान होते, दिवसभर सराव हेच त्यांचे काम होते, प्रशिक्षक डोक्यावर उभा होता. कल्याणहून लोकलने येजा करणाऱ्या पंचेचाळीस वर्षांच्या माणसाने त्यांचे वीस किलो डोळ्यांपुढे ठेवू नयेत; डॅलसच्या त्या पाच गृहस्थांचे सहा महिने ठेवावेत.

ज्यांना हे वाचून उद्या पहाटे निघावेसे वाटेल त्यांनी आधी रक्तदाब, साखर आणि, घराण्यात कुणाला लवकर हृदयविकार झाला असेल तर, हृदयाची तपासणी करून घ्यावी. पळताना शेजाऱ्याशी पूर्ण वाक्यात बोलता येईल एवढीच गती ठेवावी. छातीत दुखले, चक्कर आली तर थांबावे आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. काट्यावर महिन्यातून एकदाच उभे राहावे, पोटाचा घेर मात्र टेपने मोजत राहावे. भारतीय पुरुषांसाठी ९० सेंटिमीटर आणि स्त्रियांसाठी ८० ही धोक्याची रेषा आहे.

आणि सल्लागारांना काळजीच वाहायची असेल तर ती वाहण्याजोगे एक काम पडून आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या माहितीवर आधारित २०२४ च्या एका अभ्यासानुसार भारतातले निम्मे प्रौढ पुरेशी हालचाल करत नाहीत. पुरुषांत हे प्रमाण ४२ टक्के, स्त्रियांत ५७. बायकांना पळायचे नसते म्हणून हा फरक पडलेला नाही. पहाटे पाचला अंधाऱ्या रस्त्यावर एकटीने पळणे किती जणींना शक्य आहे, आणि सहानंतर डबे कोण भरणार, हे प्रत्येक घराला ठाऊक आहे. महापालिका आणि शिक्षण संस्थांनी शाळांची मैदाने पहाटे पाच ते सात उघडी ठेवावीत, चार दिवे लावावेत, दारावर एक माणूस नेमावा. घरातल्यांनी त्या दोन तासांतले डबे भरावेत.